पायरेट पक्ष

पायरेट पक्ष : प्रताधिकाराच्या कायद्यात आमूलाग्र सुधारणा, एकस्व पद्धतीचे निर्मूलन आणि व्यक्तीच्या खाजगी जीवनाचे व पत्रव्यवहाराचे संरक्षण या तीन तत्त्वांच्या आधारे स्वीडनमध्ये १ जानेवारी २००६ रोजी स्थापन झालेला राजकीय पक्ष. त्याच्या धर्तीवर जर्मनी, आइसलँड, चेकिया इ. देशांत निघालेल्या पक्षांनीही हेच नाव धारण केले असून त्या सर्वांच्या कार्यास सामान्यतः पायरेट चळवळ असे म्हणतात. सॉफ्टवेअर, संगीत व चित्रपट यांच्या अनधिकृत प्रतींचा प्रश्न आणि दळणवळणाच्या गुप्ततेचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नसून एकाच प्रश्नाची दोन अंगे होत, हे या चळवळीचे मध्यवर्ती प्रतिपादन होय. निवडणुकांतील तिचे यश अल्पजीवी ठरले. परंतु तिने उपस्थित केलेला प्रश्न यूरोपातील विधिमंडळांना व न्यायालयांना त्यानंतरही टाळता आला नाही.

संज्ञा : पायरेट म्हणजे समुद्रावरील चाचा. दुसऱ्याचा ग्रंथ परवानगीवाचून छापणाऱ्यास इंग्रजीत सतराव्या शतकापासून हा शब्द लावण्यात येऊ लागला. विसाव्या शतकात तो अनधिकृत नभोवाणी केंद्रांस व नंतर ध्वनिफिती, चित्रफिती आणि सॉफ्टवेअर यांच्या अनधिकृत प्रतींस लावण्यात आला. एखाद्यास चाचा ठरविणे हे बहुधा ठरविणाऱ्याच्या हितसंबंधांवर अवलंबून असते. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना दस्तक घ्यावयास लावीत, परंतु हा हक्क मान्य नसलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखी ते चाचेच होते [⟶ चाचेगिरी]. स्वीडनमध्येही या शब्दास स्वतःचा इतिहास आहे. रेडिओ नॉर्ड हे खाजगी केंद्र १९६१-६२ मध्ये स्टॉकहोमबाहेरील समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून लोकप्रिय संगीत प्रक्षेपित करीत असे. शासनाने कायदा करून ते बंद पाडले. मात्र तत्पूर्वीच राष्ट्रीय नभोवाणीने १९६१ मध्ये स्वतःची संगीतवाहिनी सुरू केली होती. अवैध मानलेल्या गोष्टीने प्रस्थापित संस्थेस बदलावयास लावल्याचे हे उदाहरण स्वीडिश जनतेच्या आठवणीत होते. त्यामुळे विरोधकांनी दिलेले दूषण नव्या पक्षाने बिरुद म्हणून मिरविले, यात फारसे आश्चर्य नव्हते.

पार्श्वभूमी : प्रारंभीच्या काळात सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रेय वस्तू मानली जात नसे; यंत्राबरोबरच ते ग्राहकास मिळत असे. आयबीएम कंपनीने १९६९ मध्ये सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले व सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र व्यवसायाचा पाया घातला गेला. बिल गेट्स यांनी १९७६ मध्ये हौशी संगणकधारकांस उद्देशून खुले पत्र लिहिले. आपल्या कंपनीने तयार केलेली बेसिक भाषेची आवृत्ती बहुतेक जण पैसे न देताच वापरतात, अशी त्यांची तक्रार होती. अमेरिकेने १९८० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून संगणकीय आज्ञावलींना प्रताधिकाराचे स्पष्ट संरक्षण दिले. यूरोपीय समुदायाने १९९१ च्या निदेशान्वये तोच मार्ग स्वीकारला आणि १९९४ च्या व्यापारविषयक बौद्धिक संपदा करारान्वये ते संरक्षण जागतिक झाले. याच्या उलट दिशेने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास असावे, हा त्यामागील विचार होता. त्यांनी प्रताधिकार न नाकारता त्याचाच आधार घेऊन १९८९ मध्ये असा परवाना तयार केला की, त्यामुळे हे स्वातंत्र्य पुढील प्रत्येक प्रतीस चिकटून राहावे.

छापील ग्रंथाची प्रत काढण्यास मुद्रणालय लागे. त्यामुळे प्रताधिकाराचा कायदा व्यवहारात मुद्रक, प्रकाशक व विक्रेते यांच्यापुरताच मर्यादित होता. सामान्य वाचकाच्या घरात शिरण्याचे त्यास कारण नव्हते. अंकीय स्वरूपातील माहितीची प्रत मात्र मूळ वस्तूइतकीच निर्दोष असते आणि ती काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. नॅपस्टर (१९९९) व बिटटोरेंट (२००१) यांसारख्या योजनांमुळे प्रती एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर थेट जाऊ लागल्या. परिणामी प्रताधिकाराचा भंग आता कोट्यवधी घरांत, खाजगी दळणवळणाच्या ओघातच घडू लागला. तो रोखावयाचा तर ते दळणवळण कोणीतरी पाहणे आवश्यक झाले. पुढील वादाचे मूळ या बदलात आहे.

हा वाद स्वीडनमध्येच प्रथम राजकीय स्वरूपात उद्भवला, यामागे काही विशिष्ट कारणे आहेत. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या १७६६ च्या कायद्याने या देशात शासकीय कागदपत्रे नागरिकांस पाहण्याची मुभा दिली. दुसरीकडे १९७० च्या जनगणनेच्या वेळी संगणकात साठविल्या जाणाऱ्या माहितीविषयी जनतेत चिंता निर्माण झाली व तीतून १९७३ चा माहितीसंरक्षणविषयक कायदा आला. राष्ट्रीय पातळीवरील अशा प्रकारचा हा जगातील पहिला कायदा होय. व्यक्तिविषयक नोंदींचा संगणकीय संग्रह ठेवण्यासाठी त्यान्वये एका स्वतंत्र निरीक्षण मंडळाची परवानगी घ्यावी लागे. शासनाचा व्यवहार उघडा आणि व्यक्तीचा व्यवहार झाकलेला असावा, ही कल्पना अशा रीतीने स्वीडिश सार्वजनिक जीवनात आधीपासूनच रुजली होती. त्यातच १९९८ पासून नोकरदारांना मालकामार्फत करसवलतीने घरगुती संगणक घेता येऊ लागले आणि वेगवान इंटरनेटचाही या देशात लवकर प्रसार झाला.

प्रताधिकार संरक्षणासाठी चित्रपट व संगणकीय खेळ यांच्या व्यावसायिकांनी २००१ मध्ये चाचेगिरीविरोधी कार्यालय स्थापन केले. त्याच्या नावाचे विडंबन करून २००३ मध्ये पिरात्‌ब्युरोन म्हणजे चाचे कार्यालय हा विचारगट उदयास आला. त्याच वर्षी त्याच्याशी संबंधित मंडळींनी द पायरेट बे हे संकेतस्थळ सुरू केले. या संकेतस्थळावर प्रत्यक्ष चित्रपट वा सॉफ्टवेअर साठविलेले नसे. ते कोणाच्या संगणकावर आहेत याचा माग देणाऱ्या लहान धारिका तेथे असत. तोपर्यंत स्वीडनमध्ये वैयक्तिक वापरासाठी प्रत उतरवून घेणे, मूळ प्रत अनधिकृत असली तरी, गुन्हा नव्हते. यूरोपीय संघाच्या २००१ च्या प्रताधिकारविषयक निदेशाच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या व १ जुलै २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते बेकायदेशीर ठरले. देशातील तरुणांचा फार मोठा वर्ग एका दिवसात कायदेभंग करणारा बनला.

स्थापना व कार्यक्रम : रिकार्ड फाल्कविंगे या संगणक व्यावसायिकाने १ जानेवारी २००६ रोजी पक्षाचे संकेतस्थळ सुरू करून सह्यांचे आवाहन केले. नोंदणीसाठी लागणाऱ्या १,५०० सह्या पहिल्या काही दिवसांतच मिळाल्या. पक्षाने आपला कार्यक्रम हेतुपुरस्सर तीन तत्त्वांपुरताच ठेवला; कर, संरक्षण, शेती, आरोग्य इ. विषयांवर तो कोणतीही भूमिका घेत नसे. डाव्या व उजव्या गटांत विभागलेल्या संसदेत थोड्या जागा मिळाल्या तरी, जो गट ही तत्त्वे मान्य करील त्यास पाठिंबा देऊन ती साध्य करता येतील, असा त्यामागील हिशेब होता.

प्रताधिकार हा व्यापारी व्यवहारापुरताच असावा, त्याची मुदत पाच वर्षे असावी आणि नफ्याचा हेतू नसलेली देवघेव पूर्णतः मुक्त असावी, अशी पक्षाची मागणी होती. त्या वेळी यूरोपीय संघात ही मुदत लेखकाच्या हयातीनंतर ७० वर्षे इतकी होती व आजही आहे. औषधे व सॉफ्टवेअर यांवरील एकस्वांमुळे संशोधनास चालना न मिळता अडथळाच होतो, असे पक्षाचे म्हणणे होते. तिसऱ्या तत्त्वाच्या पुष्ट्यर्थ पक्षाने टपालाचा दाखला दिला. बंद पाकिटातील पत्रात कोणी एखादी प्रताधिकारित कविता उतरवून पाठविली, तर ती शोधण्यासाठी टपाल खात्याने प्रत्येक पाकीट फोडावे असे कोणी म्हणत नाही. मग तेच पत्र तारेतून गेले म्हणजे त्याची गुप्तता का संपावी, असा पक्षाचा प्रश्न होता. खाजगी दळणवळणात प्रताधिकार अंमलात आणणे आणि त्या दळणवळणाची गुप्तता राखणे या दोन गोष्टी एकाच वेळी शक्य नाहीत; त्यांतील एकीची निवड समाजाने जाणीवपूर्वक केली पाहिजे, हा या युक्तिवादाचा निष्कर्ष होय.

छापा, कायदे व खटला : ३१ मे २००६ रोजी स्वीडिश पोलिसांनी द पायरेट बेच्या संगणकांवर छापा घातला. त्या जागी ठेवलेले, या संकेतस्थळाशी संबंध नसलेल्या इतरांचे संगणकही जप्त झाले. संकेतस्थळ तीन दिवसांतच पुन्हा सुरू झाले. ही कारवाई अमेरिकेच्या दबावाखाली झाल्याचा आरोप झाला व शासनाने तो नाकारला. ३ जून रोजी स्टॉकहोम व गॉथेनबर्ग येथे निषेधसभा झाल्या आणि पक्षाची सभासदसंख्या वेगाने वाढली. एका संपूर्ण तरुण पिढीस गुन्हेगार ठरविणे योग्य नाही, अशा आशयाचे विधान विरोधी पक्षनेते फ्रेडरिक राइनफेल्ट यांनीही केले. १७ सप्टेंबर २००६ च्या निवडणुकीत पायरेट पक्षास ३४,९१८ म्हणजे ०·६३ टक्के मते मिळाली. संसदेत प्रवेशासाठी ४ टक्के मतांची अट असल्याने त्यास एकही जागा मिळाली नाही. राइनफेल्ट पंतप्रधान झाले. परंतु अपेक्षित शिथिलता आली नाही.

याच सुमारास टेहळणीविषयक कायद्यांची मालिका सुरू झाली. माद्रिद (२००४) व लंडन (२००५) येथील बाँबस्फोटांनंतर यूरोपीय संघाने मार्च २००६ मध्ये एक निदेश काढला. कोणी कोणाशी, केव्हा व कोठून संपर्क साधला याच्या सर्व नागरिकांच्या नोंदी दूरसंदेशवहन कंपन्यांनी सहा महिने ते दोन वर्षे जपून ठेवाव्यात, असे त्यात म्हटले होते. स्वीडिश संसदेने १८ जून २००८ रोजी १४३ विरुद्ध १३८ मतांनी एक कायदा संमत केला. त्याने देशाची सीमा ओलांडणाऱ्या तारांतील संदेशवहन तपासण्याचा अधिकार संरक्षण खात्याच्या नभोवाणी संस्थेस दिला. पूर्वी ही संस्था बिनतारी संदेशच टिपत असे. देशांतर्गत दोन व्यक्तींमधील संदेशही अनेकदा परदेशातील संगणकांमार्फत जातात. त्यामुळे हा कायदा प्रत्यक्षात सर्वांनाच लागू होतो, असा आक्षेप घेण्यात आला. देशभर झालेल्या विरोधानंतर शासनास अधिक संरक्षक तरतुदी मान्य कराव्या लागल्या व पूर्वपरवानगीसाठी खास न्यायालय स्थापन करण्यात आले.

१ एप्रिल २००९ पासून लागू झालेल्या दुसऱ्या एका कायद्याने प्रताधिकारधारकांना नवा हक्क मिळाला. इंटरनेटवरील विशिष्ट क्रमांकामागील ग्राहकाचे नाव न्यायालयाच्या आदेशाने सेवा देणाऱ्या कंपनीकडून मिळविण्याची सोय त्यांना झाली. त्या दिवशी देशातील इंटरनेट वाहतूक सु. एकतृतीयांशाने घटल्याची नोंद झाली. यापूर्वी अशी ओळख पटविण्याचे काम पोलिसांचे होते. आता ते एका खाजगी पक्षास दुसऱ्या खाजगी व्यक्तीविरुद्ध करता येऊ लागले.

द पायरेट बेशी संबंधित चौघांविरुद्धचा खटला १६ फेब्रुवारी २००९ रोजी स्टॉकहोम येथे सुरू झाला. अमेरिकन चित्रपट कंपन्या व आंतरराष्ट्रीय संगीत कंपन्या त्यात फिर्यादी पक्षात होत्या. १७ एप्रिल रोजी चौघांना प्रताधिकारभंगास साहाय्य केल्याबद्दल प्रत्येकी एक वर्ष कारावास व एकत्रितपणे ३ कोटी स्वीडिश क्रोना भरपाईची शिक्षा झाली. निकाल देणारे न्यायाधीश प्रताधिकाराशी संबंधित संघटनांचे सभासद असल्याचे नंतर उघडकीस आले. मात्र त्यामुळे पक्षपात सिद्ध होत नाही, असा निर्णय वरिष्ठ न्यायालयाने दिला. नोव्हेंबर २०१० मध्ये अपील न्यायालयाने तिघांच्या कारावासाची मुदत कमी केली व भरपाई ४·६ कोटी क्रोनांपर्यंत वाढविली. चौथा आरोपी आजारी असल्याने त्याचे प्रकरण वेगळे ठेवण्यात आले होते. निकालानंतर थोड्याच दिवसांत पायरेट पक्षाचे सभासद तिप्पट होऊन त्यांची संख्या ४०,००० च्या पुढे गेली.

७ जून २००९ रोजी झालेल्या यूरोपीय संसदेच्या निवडणुकीत पक्षास २,२५,९१५ म्हणजे ७·१३ टक्के मते मिळाली. क्रिस्तियान एंगस्ट्रम हे पक्षाचे पहिले प्रतिनिधी निवडून आले. लिस्बन करारामुळे स्वीडनच्या जागा वाढल्यावर डिसेंबर २०११ मध्ये आमेलिया आंदेशडॉटर यांनी दुसरी जागा घेतली. तथापि २०१० च्या राष्ट्रीय निवडणुकीत पक्ष ०·६५ टक्क्यावरच अडला. शासन निवडताना रोजगार, शाळा व आरोग्यसेवा यांचा विचार करणारे मतदार केवळ तीन तत्त्वांच्या पक्षास मत देण्यास तयार नव्हते, असा या तफावतीचा अर्थ लावला जातो.

यूरोपीय संसदेतील कार्य : पक्षाच्या प्रतिनिधींनी हरित गटात प्रवेश केला. फ्रान्समध्ये २००९ मध्ये, वारंवार प्रताधिकारभंग करणाऱ्या ग्राहकाचा इंटरनेट जोड प्रशासकीय आदेशाने तोडण्याचा कायदा संमत झाला होता. इंटरनेटचा वापर हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असून तो तोडण्याचा निर्णय न्यायालयानेच घ्यावा, असे सांगून तेथील घटना मंडळाने १० जून २००९ रोजी ही तरतूद रद्द केली. त्याच वेळी यूरोपीय संसदेत दूरसंदेशवहनविषयक सुधारणांची चर्चा चालू होती व तडजोडीच्या वाटाघाटींत एंगस्ट्रम यांचा सहभाग होता. नागरिकाचा इंटरनेट वापर मर्यादित करण्यापूर्वी निःपक्षपाती सुनावणी झाली पाहिजे, हे तत्त्व अंतिम मसुद्यात समाविष्ट झाले. हरित गटाने २०११ मध्ये प्रताधिकारसुधारणेचा कार्यक्रम स्वीकारला, तो बव्हंशी या पक्षाच्या विचारांवर आधारलेला होता. बनावट मालाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय व्यापार करार (ॲक्टा) इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांवर पाळत ठेवण्यास भाग पाडील, या भीतीने २०१२ च्या प्रारंभी पोलंडसह अनेक देशांत मोर्चे निघाले. ४ जुलै २०१२ रोजी यूरोपीय संसदेने तो करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. १६५ सदस्य तटस्थ राहिले. याचे श्रेय एकट्या पायरेट पक्षाचे नव्हे. परंतु त्याने मांडलेला युक्तिवाद आता सभागृहातील बहुसंख्यांनी उचलला होता.

इतर देशांतील प्रसार : जर्मनीतील पक्ष सप्टेंबर २००६ मध्ये बर्लिन येथे स्थापन झाला. इंटरनेटवरील काही संकेतस्थळे पोलिसांच्या यादीनुसार अडविण्याचा कायदा २००९ मध्ये तेथे संमत झाला, तेव्हा त्यास विरोध करणारे तरुण या पक्षाकडे वळले. तो कायदा २०११ मध्ये रद्द करण्यात आला. सप्टेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या विधिमंडळात पक्षास ८·९ टक्के मते व १५ जागा मिळाल्या. २०१२ मध्ये झारलँड, श्लेस्विग-होल्श्टाइन व नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलिया या राज्यांतही त्याने प्रवेश मिळविला. पक्षांतर्गत निर्णयांसाठी या पक्षाने एक खास सॉफ्टवेअर वापरले. त्याद्वारे सभासद एखाद्या प्रश्नावर स्वतः मत देत वा आपले मत दुसऱ्या सभासदाकडे सोपवीत. मात्र असे मत खऱ्या नावाने द्यावे की टोपणनावाने, यावर तीव्र मतभेद झाले. पारदर्शक राजकारण आणि व्यक्तीची गोपनीयता ही पक्षाची दोन्ही ध्येये येथे परस्परांविरुद्ध उभी राहिली. अंतर्गत कलहामुळे पक्षाची प्रतिमा ढासळली व २०१३ च्या राष्ट्रीय निवडणुकीत त्यास २·२ टक्केच मते मिळाली.

आइसलँडमध्ये २०१२ मध्ये स्थापन झालेल्या पक्षाने २०१३ मध्ये तीन जागा जिंकून प्रथमच एका राष्ट्रीय संसदेत प्रवेश केला. २००८ च्या आर्थिक संकटानंतर प्रस्थापित पक्षांवरील विश्वास उडालेल्या मतदारांनी त्यास २०१६ मध्ये १४·५ टक्के मते व दहा जागा दिल्या. मात्र २०२४ च्या निवडणुकीत त्याच्या सर्व जागा गेल्या. चेकियात २०१७ मध्ये १०·७९ टक्के मते व २२ जागा मिळवून पक्ष संसदेत आला. त्याचे नेते झ्देन्येक ह्रझिब हे २०१८ ते २०२३ या काळात प्रागचे महापौर होते व २०२१ ते २०२४ पर्यंत पक्ष संमिश्र शासनात सहभागी होता. या दोन्ही देशांत पक्षांनी तीन तत्त्वांची मर्यादा सोडून भ्रष्टाचारविरोध, घरबांधणी, राज्यघटना इ. प्रश्न हाती घेतले. त्यांच्या तुलनात्मक यशाचे ते एक प्रमुख कारण समजले जाते. खुद्द स्वीडनमध्ये २०१४ मध्ये यूरोपीय संसदेतील दोन्ही जागा गेल्या आणि त्यानंतर पक्षाचे अस्तित्व नाममात्र राहिले.

टीका : संगीतकार, लेखक व चित्रपटनिर्माते यांच्या संघटनांनी पक्षावर कठोर टीका केली. कलावंताच्या श्रमांचे मोल नाकारून हा पक्ष चौर्यास तत्त्वज्ञानाचा मुलामा देतो, असे त्यांचे म्हणणे होते. कलावंतांनी जाहीर कार्यक्रम, वर्गणी वा अन्य मार्गांनी उपजीविका करावी, हे पक्षाचे उत्तर पुरेसे नव्हते. जाहीर कार्यक्रम करणे गायकास शक्य असले, तरी अनुवादक, कोशकार वा पटकथाकार यांना तो मार्ग उपलब्ध नसतो. लहान सॉफ्टवेअर व्यवसायांचाही असाच आक्षेप होता.

अधिक मार्मिक टीका मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने झाली. पाच वर्षांनंतर सर्व सॉफ्टवेअर प्रताधिकारमुक्त झाल्यास मुक्त सॉफ्टवेअरला संरक्षण देणारा परवानाही निष्प्रभ होईल, हे स्टॉलमन यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. मुक्त सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली सर्वांस उपलब्ध असते. त्यामुळे खाजगी कंपन्या ती घेऊन आपल्या बंदिस्त उत्पादनांत वापरू शकतील. उलट कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कधीच प्रसिद्ध होत नसल्याने मुदत संपूनही ती समाजाच्या हाती येणार नाही. यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर प्रसिद्ध करतानाच त्याची मूळ आज्ञावली त्रयस्थाकडे ठेव म्हणून द्यावी व मुदतीनंतर ती खुली करावी, अशी सूचना त्यांनी केली. कायद्याचे केवळ निर्मूलन झाल्याने दुर्बळ पक्षास बळ मिळतेच असे नाही, हे या टीकेचे सार होय.

उत्तरकाळ व मूल्यमापन : पक्षाने एकत्र बांधलेले दोन प्रश्न पुढे वेगळ्या वाटांनी गेले. अनधिकृत प्रतींचा प्रश्न शिक्षेपेक्षा व्यापाराने अधिक सौम्य केला. स्टॉकहोम येथे २००६ मध्ये स्थापन झालेल्या स्पॉटिफाय कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये सेवा सुरू केली. अल्प वर्गणीत वा जाहिरातींच्या मोबदल्यात संगीत सहज मिळू लागल्यावर अनधिकृत प्रत मिळविण्याचे कारणच पुष्कळांपुरते उरले नाही आणि स्वीडनमधील ध्वनिमुद्रण व्यवसाय पुन्हा सावरला. सॉफ्टवेअरच्या बाबतीतही प्रत विकण्याऐवजी इंटरनेटवरून वर्गणीने सेवा देण्याची पद्धत रूढ झाली. परंतु या व्यवस्थेत कोणी काय, केव्हा व किती वेळ ऐकले वा वापरले, याची नोंद सेवा देणाऱ्या कंपनीकडे आपोआप होते. घेतलेल्या ध्वनिमुद्रिकेने श्रोत्यास कधीही ओळखले नव्हते. शासनाने पाकीट फोडू नये म्हणून लढणाऱ्या चळवळीस, लोक सोयीसाठी ते स्वतःच उघडून देतील, याचा अंदाज पुरेसा आला नव्हता.

गुप्ततेच्या प्रश्नावर मात्र न्यायालयांनी तिच्या भूमिकेस पुष्कळ अंशी दुजोरा दिला. एडवर्ड स्नोडेन यांनी जून २०१३ मध्ये अमेरिकन टेहळणीविषयीची कागदपत्रे उघड केल्यानंतर हा प्रश्न सर्वत्र ऐरणीवर आला. यूरोपीय संघाच्या न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ रोजी संपर्काच्या नोंदी जपण्याविषयीचा २००६ चा निदेश रद्द ठरविला. त्यानंतर टेले-२ या स्वीडिश कंपनीने अशा नोंदी ठेवणे थांबविले व त्यावरून उद्भवलेल्या वादात त्याच न्यायालयाने २१ डिसेंबर २०१६ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. सर्व नागरिकांच्या नोंदी सरसकट व भेदाभेद न करता साठविणे संघाच्या कायद्याशी विसंगत आहे, असे त्यात म्हटले आहे. स्वीडनच्या २००८ च्या कायद्याविरुद्धचे प्रकरण मानवी हक्कांच्या यूरोपीय न्यायालयात तेरा वर्षांजवळ चालले. २५ मे २०२१ रोजी विस्तारित पीठाने खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. मोठ्या प्रमाणावरील टेहळणी मुळातच निषिद्ध आहे, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. तिच्यावरील नियंत्रणे अपुरी होती, एवढाच त्याचा निष्कर्ष होता. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे शोधण्यासाठी खाजगी संदेश तपासण्याची तरतूद असलेला प्रस्ताव यूरोपीय आयोगाने मे २०२२ मध्ये मांडला. त्यास विरोध करताना यूरोपीय संसदेतील पायरेट प्रतिनिधींनी बंद पाकिटाचाच दाखला पुन्हा दिला. या वेळी शोध कवितेचा नसून गंभीर गुन्ह्याचा असल्याने तो दाखला अधिक कठीण कसोटीस उतरविला गेला.

प्रताधिकारभंग, दहशतवाद वा बालशोषण या कारणांची नैतिक योग्यता सारखी नाही. तथापि प्रत्येक वेळी सुचविलेले साधन एकच होते : संशयितापुरते मर्यादित न राहता सर्वांचे दळणवळण तपासणे. साधन एकदा निर्माण झाले की ते ज्या कारणासाठी निर्माण झाले त्यापुरते राहत नाही, हे पायरेट पक्षाने किरकोळ वाटणाऱ्या कारणावरून, गाणी व चित्रपट यांच्या प्रतींवरून, प्रथम दाखवून दिले. प्रताधिकाराविषयीची त्याची उत्तरे बव्हंशी मागे पडली आहेत. परंतु खाजगी पत्राची गुप्तता तंत्र बदलल्याबरोबर संपते काय, हा त्याचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. एखाद्या अल्पायुषी पक्षाचे ऐतिहासिक महत्त्व त्याने जिंकलेल्या जागांवरून न ठरता त्याने मागे ठेवलेल्या प्रश्नावरून ठरू शकते, याचे हे एक उदाहरण होय.